हळदीचा नियम

प्रिय मनस्वी,

पाकिटावर मी माझं नाव घातलेलं नाही. घातलं असतं तर तू ते न उघडताच तुझ्या आईच्या हातात दिलं असतंस आणि तिने ते न वाचताच कपाटात ठेवून दिलं असतं. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि तसेच सोडून देतेस. मग उरलं काय, तर पत्र. नौदलात सगळा जन्म सरकारी पत्रं लिहिण्यात गेला, पण त्यांत 'प्रिय' हा शब्द लिहायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे आज तोच लिहिताना हात जरा अडखळला. पण लिहिला, आणि मनापासून लिहिला.

रविवारी उरणहून पाहुणे तुला बघायला येणार आहेत हे मला कळलं. तळवली ते बोनकोडे अंतर ते केवढं, बातमी रिक्षाच्या आधी पोहोचते. माणसं चांगली आहेत असं ऐकते. मुलगा बँकेत आहे, त्याची बदली झाली तरी फार तर अलिबागला होईल, आणि त्याला लग्नाच्या मांडवातून कोणी उचलून नेणार नाही. तेव्हा तुला थांबवायला मी हे लिहीत नाहीये. विनवण्या मला येत नाहीत. इतकी वर्षं लोक माझ्या दारात विनवण्या घेऊन उभे राहिले, मी ऐकायला शिकले, करायला शिकले नाही. पण रविवारी तू कोणाला तरी हो किंवा नाही म्हणणार आहेस, आणि आमच्या कामात पहिला धडा असतो की अर्धवट माहितीवर माणूस हलवायचा नाही. तुझ्याकडे आहे ती माहिती अर्धवट आहे. ती पुरी करायची तर मला थोडं मागून यावं लागेल. लॅबमधून दमून आली असशील, चहा घे आणि बस.

तुमच्या घरात मला 'बोटवाली मॅडम' म्हणतात हे मला ठाऊक आहे. साखरपुड्याला तुझ्या मामाने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं की एवढी मोठी बोट वळवताना ब्रेक मारावा लागतो का. मी जन्मात बोट वळवलेली नाही गं. मला तर घारापुरीच्या लाँचमध्येसुद्धा मळमळतं. मी नौदलात गेले ती माणसांच्या कामाला. कुठल्या जहाजावर कोण जाईल, कोणाला केव्हा रजा, कोणाचं शिक्षण राहिलंय, कोणाचा बाप अंथरुणाला खिळलाय म्हणून त्याला घराजवळ ठेवायचं, आणि लढाई लागली की या सगळ्यांतून कोणाला परत बोलवायचं. जहाज म्हटलं की लोकांना तोफा दिसतात. मला दिसतात ती झोपायची रिकामी बंकं. शांततेच्या काळात कुठलंही जहाज माणसांनी पुरतं भरलेलं नसतं. कोणी शिकायला गेलेला, कोणी दवाखान्यात, कोणी गावी भावाच्या मुलाच्या बारशाला. लढाईची कुणकुण लागली की ती बंकं भरायची, तीही ज्याला ते काम येतं त्याच माणसाने. स्वयंपाक्याला उचलून टर्बाइनपाशी उभा करता येत नाही.

माझं माहेर करावे गावचं. बाबा मिठागरात काम करत. मी नेव्हीत जाते म्हटल्यावर शेजारपाजारच्यांनी तोंडात बोटं घातली, पण बाबा एवढंच म्हणाले, "पोरी, आपल्याला पानी काय नवीन हाय?" त्या एका वाक्यावर मी विशाखापट्टणम, कोची, पोर्ट ब्लेअर, दिल्ली असं सगळं करून आले. सुभाषशी लग्न झालं तेव्हा तळवलीत लोकांनी त्याला विचारलं होतं की बायको बदलीला जाणार आणि तू काय करणार. तो म्हणाला, मी तिला स्टेशनवर सोडायला जाणार. आणि खरंच जात राहिला. त्यांची शेती सिडकोने घेतली, मोबदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला, त्यावर इमारत उभी राहिली, आणि हा भाडेकरूंच्या नळांचे वॉशर बदलत घर सांभाळत बसला. माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या वाढत गेल्या त्यातल्या निम्म्या त्याच्या आहेत. बाईमाणूस कमोडोर होत नाही असं मला तोंडावर सांगणारे पुढे माझ्याच सहीने बदलीवर गेले, ती मजा वेगळी.

तेजस जन्मला, आणि थोड्याच महिन्यांत मला पुन्हा कामावर जावं लागलं. त्याचं पहिलं पाऊल, गोवर, शाळेतली मारामारी, सगळं माझ्या सासूबाईंनी पाहिलं. म्हणून तर तो त्यांची, सखूबाईंची, भाषा बोलतो आणि मला चिडवायचं असलं की 'मॅडम' म्हणतो. बारावीनंतर मी त्याच्या मागे हात धुऊन लागले होते की अधिकाऱ्यांच्या परीक्षेला बस. तो हो हो म्हणत राहिला आणि एक दिवस साधा नाविक म्हणून भरती होऊन घरी आला. म्हणाला, "मला यंत्र उघडायचं हाय, फायली नाय." मी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही. मग त्याच्या संचलनाला गेले, तर हा पोरगा ओळीतून जाताना सगळ्यांसारखी मान वळवून मला सलामी देतो काय आणि डोळा मिचकावतो काय. आई अधिकारी आणि लेक नाविक, म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मला त्याचा अभिमान वाटला. त्याला तसं सांगायला मात्र मी फार वेळ घेतला. त्याचे कागद माझ्या टेबलावर येणार नाहीत असं मी तेव्हाच लेखी देऊन टाकलं. तो जे काम करतो त्या कामाच्या पोरांच्या बदल्या, रजा, सगळं माझे सहायक कमांडर हारुन बघत. ते श्रीवर्धनचे. साखरपुड्यात तुला मोदकांचा डबा देऊन गेले ते उंच गृहस्थ, आठवत असतील.

आता एका मुलीचं सांगते जिचं नाव मला माहीत नाही. कारगिलच्या वर्षी मी नवी लेफ्टनंट होते, विशाखापट्टणमला. रजेवरच्या पोरांना तारा करून बोलवायचं काम माझ्याकडे होतं. कोल्हापूरकडचा भैरू नावाचा एक नाविक असाच माझ्या तारेवर हजर झाला. सही करायला हात पुढे केला तो कोपरापर्यंत पिवळा. हळद लागली, आंघोळ व्हायची होती, तेवढ्यात पोस्टमन दारात. सगळ्यांनी त्याची खूप थट्टा केली, मीही हसले. लढाई संपली, तो धडधाकट परत गेला, आणि पुढे काही महिन्यांनी बदली मागायला माझ्याकडे आला तेव्हा मी सहज विचारलं, काय रे, लग्न लागलं का? तो म्हणाला, मोडलं. त्याच्या आईनेच मोडलं. अंगाला हळद लागली आणि नवरा लढाईवर गेला, म्हणजे पोरगी पांढऱ्या पायाची. त्याला दुसरी मुलगी मिळाली, तो तिच्याबरोबर राहायला क्वार्टर मागत होता. मी विचारलं, आणि त्या पहिल्या मुलीचं काय? त्याने खांदे उडवले. म्हणाला, तिला आता कोण करणार. माझ्याकडे भैरूची सगळी माहिती होती, उंची, रक्तगट, दंडावरच्या व्रणासकट. त्या मुलीचं नाव कुठेच नव्हतं. तिला नोंदायची आमच्याकडे सोयच नाही. मी एका तारेने जहाजावरचं एक बंक भरलं आणि कुठल्यातरी गावात एका पोरीचा जन्म वाया गेला. पुन्हा तशी वेळ आली तरी तार मला करावीच लागली असती. पण तो पिवळा हात माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही.

म्हणून गेल्या वैशाखात लढाईला तोंड फुटलं आणि देशभरातल्या पोरांना परत बोलवायचं काम या वेळी माझ्या हाती आलं, तेव्हा मी वरच्यांकडे जाऊन एक नियम पास करून घेतला. ज्याला हळद लागली आहे त्याला लग्न लागेपर्यंत बोलवायचं नाही. बोलावणं निघेल त्या क्षणी हळद लागलेली असली तर सोडायचं, नसली तर आणायचं. कोणी म्हणालं, मॅडम, हा काय नियम झाला, नुसती लग्नाची तारीख का धरत नाही? मी म्हटलं, तारीख पुढे ढकलता येते. हळद पुसता येत नाही. तारीख पुढे गेली तर मुलगी घरी वाट बघते, हळदीनंतर नवरा गेला तर ती बदनाम होते. केरळातल्या ख्रिस्ती पोरांचं काय, विचारलं, तर त्यांच्यासाठी चर्चमधली घोषणा धरली. मुसलमान पोरांसाठी वेगळं काही लिहायला गेले तर हारुन म्हणाले, आमच्या कोकणात आम्हालाही हळद लागते मॅडम, आहे तोच नियम चालेल. कचेरीत सगळे त्याला हळदीचा नियम म्हणू लागले. वैशाख म्हणजे लग्नांचा महिना, त्यामुळे दर दिवशी कोणाची ना कोणाची हळद मध्ये यायची.

आणि तो नियम पाळणं सोपं नव्हतं, बरं का. साताऱ्याची एक आई रडत फोनवर म्हणाली, परवा हळद आहे हो, परवापर्यंत थांबा. मी नाही म्हटलं. बिहारमधल्या एका बापाने सांगितलं की पत्रिका वाटून झाल्यात, गावाला तोंड कसं दाखवू. त्यालाही नाही म्हटलं. एकाने तर हळद लावल्याचा फोटो पाठवला, तो त्याच्या थोरल्या भावाच्या लग्नातला निघाला. प्रत्येकाला वाटत होतं की आपलं कारण जगावेगळं आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी त्या दिवसांत रोज ऐकत होते. खाडीच्या त्या बाजूला कचेरीत बसून मी एकेकाला नाही म्हणत होते आणि खाडीच्या या बाजूला तळवलीत आमच्याच दारात मांडव चढत होता. तुझ्या माझ्या घरच्यांनी मुहूर्त सहा महिने आधी काढलेला, हॉल ठरलेला, लग्नाचे धवले गाणारी धवलारीण सांगितलेली, बँडवाल्याला विसार दिलेला. मी सासूबाईंना सांगून ठेवलं होतं की हळदीच्या संध्याकाळी काहीही करून येते. नवऱ्या मुलाच्या आईने हळदीला नसावं असं कधी ऐकलंय का तू?

हळदीच्या दिवशी सकाळी हारुन माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. ते कधी दार लावत नाहीत. म्हणाले, एका जहाजाला टर्बाइनवर हात बसलेला माणूस आजच हवा आहे, दुपारी बोलावणं निघेल, आणि सगळं पाहून जे नाव वर येतं ते तुमच्या घरचं आहे. मग त्यांनी हळूच सांगितलं की संध्याकाळी हळद आहे हे मला ठाऊक आहे, चार-सहा तासांचा प्रश्न आहे, कोणी विचारणार नाही; तेजसच्या पाठचं नाव जुनैदचं आहे, तो आमच्याच श्रीवर्धनचा, त्याला पाठवतो. जुनैदच्या बायकोचे, तूबाचे, दिवस भरत आले होते. ते हारुननी सांगितलं नाही, मला माहीत होतं, कारण तिच्या बाळंतपणासाठी त्याला किनाऱ्यावर ठेवा असा अर्ज, स्वतःच्या गावचा म्हणून आपण सही न करता, हारुननीच माझ्यापुढे आणला होता. माझ्यासाठी हा माणूस आपल्या गावच्या पोराचं नाव पुढे करत होता. मी विचारलं, "तेजसला हळद लागलीय का?" ते म्हणाले, "नाही मॅडम." मी म्हटलं, "मग मला कशाला विचारता? नियम तुम्हाला पाठ आहे." ते कडक सलाम करून गेले. त्यांनी कधी एवढा कडक सलाम मला केला नव्हता. दार लागलं आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, टेबलावर डोकं ठेवून रडले.

पुढचं तुला माहीत आहे. दुपारी त्याला बोलावणं आलं आणि त्याने मांडवातूनच तुला फोन केला. तू त्याला काय म्हणालीस ते साऱ्या बोनकोड्याने ऐकलं, कारण तुमच्या दारात बायका हळदीची तयारी करत बसल्या होत्या: "ज्याला बोट बायकोहून मोठी, त्यानं बोटीशीच लगीन लावावं." मला हे सांगायला आलेल्या बाईला वाटलं की मी चिडेन. मला तू आवडलीस. मी तुझ्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, अजून दोन शब्द जास्त घातले असते. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून साखरपुड्याची साडी परत आली. आषाढात तो आला. समुद्रावर काय झालं ते सांगायची मला मुभा नाही. एवढंच सांगते, की जहाज परत आलं, सगळी माणसं परत आली, आणि टर्बाइन थांबू न देण्याच्या भानगडीत त्याचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. आता बरा आहे. आजीला त्याने सांगितलंय की जहाजावर भाकऱ्या भाजताना चटका बसला, आणि तिने विश्वास ठेवल्यासारखं केलंय. आला त्याच आठवड्यात तो बोनकोड्याला येऊन गेला, तुझ्या बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर तो तुझं नाव काढत नाही. सुट्टीच्या दिवशी येतो, भाडेकरूंच्या मोटारी दुरुस्त करतो, जेवतो, जातो. त्याची आजी म्हणते, पोरगा गोड बोलतो आणि मिठाशिवाय जेवतो, त्याचं लक्ष नाही.

मी समजत होते की तू आमच्या सगळ्यांवर चिडली आहेस, नौदलावर, माझ्यावर, लढाईवर, आणि ते बरोबरच आहे. म्हणून गप्प बसले. गेल्या आठवड्यात तुझी आई मला घणसोलीच्या भाजी मार्केटात भेटली. तोंड फिरवून जाईल असं वाटलं होतं, पण ती थांबली. वाल निवडता निवडता माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमी तुमच्यावर राग नाय धरत मॅडम. सरकारनी बोलावला असता त पोर थांबली असती, वरीसभर थांबली असती. पन तुमचा तेजसच तिला बोलला, मला कोनी नाय बोलावला, मीच नाव दिला. मंग आमी काय समजायचं?" असं काही मला माहीतच नव्हतं. घरी येऊन मी तेजसला फोन लावला आणि हे खरं का म्हणून विचारलं. तो म्हणाला, आये, तू मधे पडू नको. मी म्हटलं, मी तुझी आई आहे आणि वर कमोडोर आहे, दोन्हीकडून विचारते, उत्तर दे. मग त्याने दिलं. त्यानंतर रोज हे पत्र मनात लिहीत होते. रविवार जवळ आला, म्हणून आज कागदावर उतरवलं.

तर ऐक, मनस्वी. हारुन खोलीबाहेर गेले, मी डोळे पुसले, आणि फोन वाजला. तेजसचा होता. सुभाषने आदल्या दिवशी मांडवात बसून साऱ्या भावकीला बढाई मारली होती की आमच्या मॅडमचा नियम हाय, हळद लागली की सरकारसुद्धा दारातून मागे फिरतं. सासूबाईंनी ते मनात धरलं आणि सकाळीच हळद वाटून, वाटी घेऊन नातवापुढे उभ्या राहिल्या. मुहूर्त संध्याकाळचा, पण त्यांना सरकारला हरवायचं होतं. तेजससारखंच टर्बाइनचं काम करणारे त्याचे मित्र आदल्या दिवशी बोलावणं येऊन परत गेले होते, आता आपली पाळी आहे हे त्याला कळत होतं. तो म्हणाला, "आये, आजीनं हलद वाटली हाय. आताच लावू देऊ का?" त्याने जन्मात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, साधी सायकलसुद्धा आजीकडे मागितली. त्याचं नाव निघालंय हे मला त्याला सांगता येत नव्हतं, आणि नुसतं 'लाव' म्हटलं असतं तर तो राहिला असता, संध्याकाळी त्याची उष्टी हळद तुला लागली असती, आणि तूबाचा नवरा समुद्रावर गेला असता. मी म्हटलं, "नको. सांजची हळद सांजेलाच लावायची." तो "बरं" म्हणाला. बस्स, एवढंच. मला याची लाज नाही आणि पस्तावा नाही. उद्या तशीच सकाळ आली तर मी पुन्हा 'नको'च म्हणेन, आणि पुन्हा टेबलावर डोकं ठेवून रडेन. पण त्याने आपणहून नाव दिलं नव्हतं. मी पुढच्या महिन्यात निवृत्त होते आहे, तू त्या घरात येणार होतीस आणि आपण दोघी एका चुलीशी असणार होतो, म्हणून त्या शहाण्याने सगळं आपल्या अंगावर घेतलं. मला म्हणाला, "नवऱ्याला बायको कवातरी माफ करते, आये. सासूला कोनी केलंय?" असला वेडा हिशेब. तर आता खरं काय ते तुला कळलं. राग धरायचा तर माझ्यावर धर, जन्मभर धर, मी तो झेलीन. रविवारी उरणच्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव, मी एक शब्द बोलणार नाही. फक्त तेजसला तुझ्यापेक्षा बोट मोठी वाटली असं समजून ठरवू नकोस. त्याला राहायचं होतं. त्याने विचारलं होतं, आणि नाही मी म्हटलं.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
वैजयंती मढवी